बराकींतलें बिऱ्हाड

‘घर पाहावें बांधून’ अशी म्हण आपल्याकडे फार जुनी आहे. घर बांधणें किती जिकिरीचें असतें, हें ज्यानें तें एकदां तरी केलें असेल त्यालाच ठाऊक. परंतु ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याच्या पायांखालीं स्वतःची जमीन होती, ओळखीचा सुतार-गवंडी होता, आणि भिंत चुकली तर सांगणारा शेजारी होता. यांपैकीं कांहींच जवळ नाहीं, गांव गेलें, नदी गेली, बोलण्याची भाषाहि भोंवतालच्या कोणास कळत नाहीं, अशा स्थितींत माणूस संसार कसा मांडतो? सुख म्हणून त्याला प्रथम काय लागतें, आणि तें तो कोणत्या क्रमानें मिळवितो? हा विषय मोठा विचार करण्याजोगा आहे.

अमेरिकेंत पश्चिमेकडे सरकत गेलेल्या पहिल्या वसाहतवाल्यांच्या हकीकती पुष्कळांनीं वाचल्या असतील. रानांत ते ओंडके एकावर एक रचून एकच खोली उभारीत आणि फटी मातीनें लिंपीत. खिडकीला कांच मिळत नसे, म्हणून तेलकट कागद लावीत. जेथें झाडच नव्हतें अशा गवताळ मैदानांत त्यांनीं मुळांसकट मातीचीं ढेकळें कापून त्यांच्याच भिंती रचल्या. त्या एका खोलींत आईबाप, मुलें आणि वाट चुकून आलेला पाहुणा. मध्यें एक गोधडी टांगली कीं एकीच्या दोन खोल्या होत. ही गोधडी ध्यानांत ठेवावी. कारण तसाच एक पडदा आपल्या ठाणें जिल्ह्यांत, कल्याण स्टेशनापासून कोस-दीड कोसावर, हजारों कुटुंबांच्या नव्या संसाराची पहिली भिंत झाला होता.

कल्याणहून आगगाडीचे दोन फांटे फुटतात. एक कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. या दोन फांट्यांच्या मधल्या भागांत, उल्हास नदी आणि वालधुनी यांच्या आसऱ्यानें, पूर्वीं भातशेती, माळरान आणि शेतकऱ्यांचीं लहान लहान गांवें होतीं. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रज सरकारला मुंबई बंदराजवळ, तरी शहराच्या गर्दीपासून अलग, अशी सैन्य ठेवण्याची जागा हवी होती. दोन दिशांना जाणारी रेल्वे आणि नदीचें पाणी येथें आयतें होतें. म्हणून येथें लष्करी छावणी उठली. सुमारें ६,००० शिपाई आणि ३०,००० इतर माणसें राहतील अशा बेतानें २,००० हून अधिक बराकी बांधल्या गेल्या. बराकीची रचना शिपायाच्या जिण्यास शोभेल अशीच होती. मध्यें लांबच लांब दालन आणि दोन्ही टोकांना जोडलेल्या खोल्या. खाटांची रांग लावावी, बूट खाटेखालीं ठेवावे, बिगुल वाजला कीं उठावें, आणि हुकूम आला कीं पुढच्या मुक्कामास निघावें. चूल कोठें मांडावी, देव कोठें ठेवावेत, बाळंतिणीला आडोसा कोठें करावा, हे प्रश्न ती बांधणाऱ्यापुढें कधीं आलेच नाहींत. १९४५ सालीं युद्ध संपलें आणि छावणी ओस पडली.

पुढें दोन वर्षांनीं देशाची फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल हे प्रांत दुभंगले, तरी त्यांचा एक तुकडा हिंदुस्थानांत राहिला. सिंध प्रांत मात्र सबंधच्या सबंध पाकिस्तानांत गेला. त्यामुळें सिंधी हिंदूला आपल्या प्रांताच्या अलीकडच्या अर्ध्या भागांत जाऊन राहावें, असें ठिकाणच उरलें नाहीं. १९४७ च्या डिसेंबरांत हैदराबाद-सिंध येथें आणि १९४८ च्या ६ जानेवारीस कराचींत दंगे झाले, आणि मग माणसें घरेंदारें टाकून निघालीं. कोणी खोखरापारवरून आगगाडीनें मारवाडांत उतरले, तर पुष्कळ लोक कराचीहून आगबोटीनें मुंबईच्या बंदरांत आले.

मुंबई त्यांना अगदींच परकी होती असें नव्हे. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचींतील एका जुन्या, नामांकित हायस्कुलास नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचें नांव दिलेलें होतें, आणि तें आजहि कायम आहे. पण ओळख असणें वेगळें आणि ओसरी मिळणें वेगळें. मुंबई शहरांत आधींच दाटी झालेली होती. चेंबूर, मुलुंड, ठाण्याची कोपरी अशा ठिकाणीं वस्त्या झाल्या; आणि सर्वांत मोठा लोंढा कल्याणच्या ओस छावणीकडे वळला. छत्तीस हजारांच्या बेतानें बांधलेल्या जागेंत थोड्याच काळांत लाखाच्या आसपास माणसें झालीं.

तीं काय सोडून आलीं होतीं, हें समजल्याखेरीज त्यांना काय सोसावें लागलें याचा अंदाज येणार नाहीं. हैदराबाद-सिंधच्या घरांवर ‘मंघ’ नांवाची एक सोय असे. गच्चीवर नैर्ऋत्येस तोंड करून बांधलेला तो वाऱ्याचा झरोका समुद्राकडून येणारी झुळूक पकडी आणि खालच्या खोलींत सोडी. सुखवस्तु घरांत मोठा लाकडी झोपाळा हमखास असे. त्यास ते ‘पींघो’ म्हणत. दुपारचें निजणें, मुलांना निजविणें, पाहुण्यांशीं बोलणें, सारें त्या झोपाळ्यावर. आलेल्यांत जमीनदार होते, तसे कारकून, मास्तर आणि किरकोळ दुकानदारहि होते. सर्वांचींच घरें मोठीं नव्हतीं. परंतु दार लावून घेतां येईल एवढें घर बहुतेकांचें होतें. कल्याणच्या बराकींत नेमकें दारच नव्हतें.

एका कुटुंबाच्या वांट्यास दालनाचा एक तुकडा येई. पलीकडे दुसरें कुटुंब, त्याच्या पलीकडे तिसरें. म्हणून गृहिणीनें पहिलें काम केलें तें दोरी बांधण्याचें. त्या दोरीवर कोणी चादर टाकली, कोणी जुनी साडी, कोणी गोणपाट. शिधा सरकारकडून मिळत होता, छप्पर लष्करानें ठेवलेलें होतें. पण आडोसा ज्याचा त्यानें करावयाचा होता. पडद्यानें डोळे अडतात, कान अडत नाहींत. म्हाताऱ्याचा खोकला, तान्ह्याचें रडणें, नवराबायकोची कुरबूर, सारें पडद्याच्या अलीकडे-पलीकडे सारखेंच ऐकूं येई. नव्या सुनेला मोठ्यानें हंसण्याचीहि चोरी, आणि ज्याच्या घरीं कोणी गेलें असेल त्याला मोठ्यानें रडण्याचीहि चोरी. चुलीचा धूर तर पडदा मानीतच नसे. ‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ असें आपण सहज म्हणतों. या लोकांचें सबंध बिऱ्हाड एका दोरीवर लोंबत होतें.

पुढें हळूहळू या पडद्याची जागा घट्ट वस्तूंनीं घेतली. आधीं पेट्या-ट्रंका एकावर एक रचून आडभिंत झाली, मग बांबूची तट्टी आली, मग पत्रा, मग फळ्या, आणि शेवटीं वीट. या वस्तूंची नुसती यादी वाचली तरी कुटुंबाची मिळकत कशी वाढत गेली तें कळतें. ज्या दिवशीं पत्र्याला कडी बसली, त्या दिवशीं त्या कुटुंबाचें घर झालें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

दुसरी अडचण पाण्याची आणि शौचकूपाची. छावणींत दोन्ही व्यवस्था सामायिक होत्या, आणि शिपायांना सामायिक व्यवस्थेचें कांहीं वाटत नाहीं. परंतु ज्या घरांत बायका परसांतल्या विहिरीखेरीज दुसरीकडे पाण्यास गेल्या नव्हत्या, त्यांना परक्या पुरुषांच्या देखत नळावर रांग लावणें जड गेलें. भांडें रांगेंत ठेवून पहांटेपासून उभें राहावें, नळ गेला तर तसेंच परतावें. रात्रीं-बेरात्रीं शौचास जाणें हें तर तरुण मुलींना आणि म्हाताऱ्यांना दिवसभराच्या काळजीचें कारण होई. सुखसोयींविषयीं बोलतांना आपण दिवा, पंखा, खुर्ची यांचीं नांवें घेतों. ज्यानें हीं दोन संकटें काढलीं आहेत तो मात्र आधीं घरांतला नळ आणि घरांतला संडास यांचें नांव घेईल.

तिसरें संकट पावसाचें. सिंधमध्यें वर्षाकांठीं पाऊस पडतो तो सरासरीनें जेमतेम सातआठ इंच. तेथें छपरें मातीचीं आणि सपाट; उन्हाळ्याच्या रात्रीं माणसें त्यांवर अंथरूण घालून निजत. कल्याणास पाऊस शंभर इंचांच्या घरांत, आणि तोहि चार महिन्यांत. कोंकणांतला माणूस मृगापूर्वीं शाकारणी उरकतो, लाकूडफाटा माळ्यावर टाकतो, पावसाळी बाजूस झडप बांधतो, इरलें नीट करून ठेवतो; हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. ज्यानें जन्मांत असा पाऊस पाहिला नाहीं त्याला १९४८ चा पहिला पावसाळा कसा गेला असेल, याची कल्पना करावी. ओलें जळण पेटेना, वाळत घातलेले कपडे वाळेनात, दाराशीं चिखल आणि अंथरुणांत ओल. ओलीबरोबर डांस आले आणि डांसांबरोबर हिंवताप. ज्या लोकांनीं वारा पकडण्यासाठीं घरावर झरोके बांधले होते, तेच आतां वारा-पाऊस आंत येऊं नये म्हणून गोणपाट ठोकीत बसले.

तथापि या सर्वांत जें सुख बराकींत प्रथम परत आलें, तें चुलीपाशीं. सिंधी माणूस मुळांत गव्हाचा खाणारा. कांदा घातलेली जाडसर ‘कोकी’, पालक आणि डाळ एकत्र घोटून केलेली ‘साई भाजी’, चिंचेच्या आंबटपणाची बेसनाची कढी, हे पदार्थ रेशनच्या शिध्यांतूनहि करतां येण्याजोगे होते. आणि पापड तर त्यांच्या घरीं नुसता तोंडीं लावण्याचा पदार्थ नव्हे. दारीं आलेल्यास पाण्याबरोबर पापड देणें ही त्यांची रीत आहे. बसावयास खुर्ची नसली, निराळी बैठकीची खोली नसली, तरी पाण्याचा पेला आणि भाजलेला पापड पुढें आला कीं आलेला माणूस पाहुणा ठरे आणि देणारा यजमान ठरे. निर्वासित म्हणून रांगेंत उभा राहणारा माणूस त्या दोन घटकांपुरता घरधनी होई. या एका पापडाची किंमत शिध्याच्या हिशेबांत धरली जात नाहीं.

तोच पापड पुढें पोटाला उपयोगीं पडला. फुकट शिधा जन्मभर पुरणार नव्हता, आणि तो पुरावा अशी इच्छाहि फारशी नव्हती. ‘शरणार्थी’ हा शब्द या लोकांस लागे. आम्हांस ‘पुरुषार्थी’ म्हणा, असें ते सांगत. येथें अमेरिकेच्या उदाहरणाशीं एक मोठा फरक दिसतो. तिकडे १८६२ च्या कायद्यानें वसाहतवाल्यास १६० एकर जमीन मिळण्याची सोय झाली होती. पांच वर्षें तेथें राहून ती कसली म्हणजे ती त्याची. कल्याणच्या छावणींत कसावयास जमीन नव्हती. होती ती आगगाडी. कल्याणपर्यंत विजेची लोकल आधींच आलेली होती, आणि तासा-दीड तासांत मुंबईची बाजारपेठ गांठतां येई. तेव्हां लोकलचा डबा हेंच या लोकांचें शेत झालें. गोळ्या, कंगवे, पेनें, रुमाल, कापडाचे तुकडे घेऊन माणसें आणि शाळेच्या वयाचीं मुलें डब्याडब्यांतून फिरूं लागलीं. ठाणें-डोंबिवलीच्या नोकरदारांनीं या नव्या शेजाऱ्यास प्रथम पाहिलें तें बहुधा असेंच, डोक्यावरच्या पेटीसह. नफा थोडा घ्यावा आणि खप वाढवावा, हें त्यांचें सूत्र. जुन्या दुकानदारांस तें रुचलें नाहीं, गिऱ्हाइकांस रुचलें.

घरींहि हात रिकामे नव्हते. पडद्याच्या एका बाजूस निजावयाचें आणि दुसऱ्या बाजूस पापड लाटावयाचे, कपडे शिवावयाचे. पुढें या घरगुती धंद्यांतूनच लहान कारखाने झाले. कापड, तयार कपडे, लाकडी सामान यांचे बाजार उभे राहिले. येथें होणाऱ्या मालावरचा ‘मेड इन यू. एस. ए.’ हा शिक्का म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, असा विनोद सबंध मुंबई इलाख्यांत चालला. विनोदांत टोचणी होती. पण ज्या वस्तीस नकला करून विकण्याइतकी उमेद आली होती तिची कींव करण्याचें कारण उरलें नव्हतें, हेंहि त्यांतून सिद्ध होतें.

१९४९ सालच्या ८ ऑगस्टला गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें येथें नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्यास ‘उल्हासनगर’ हें नांव मिळालें. १९५५ सालीं त्या नांवाचें स्टेशन झालें, १९६० सालीं नगरपालिका आली आणि १९९६ सालीं महानगरपालिका. मात्र या सर्वांहून कुटुंबाच्या दृष्टीनें महत्त्वाचा ठरला तो १९५४ चा विस्थापितांची नुकसानभरपाई व पुनर्वसन यांसंबंधींचा कायदा. सिंधमध्यें टाकून आलेल्या मिळकतीबद्दल मागणी मांडावी आणि तिच्या हिशेबांत येथील जागा आपल्या नांवावर करून घ्यावी, अशी सोय त्यानें झाली. जागेची सनद हातीं आली, म्हणजे ज्या भिंतीवर आजवर नुसता ताबा होता तीवर हक्क आला. माणूस स्वतःच्या भिंतीला चुना लावतो. दुसऱ्याच्या भिंतीला खिळासुद्धां जपून मारतो. आज जुन्या बराकी बहुतेक गेल्या, परंतु पत्त्यांत अद्याप ‘बराक नंबर’ आणि ‘कँप नंबर’ लिहितात. शिपायांच्या मुक्कामासाठीं घातलेला क्रमांक नातवंडांच्या लग्नपत्रिकेवर आला.

या कथेची दुसरी बाजू न सांगणें हें अप्रामाणिकपणाचें होईल. अमेरिकेंत वसाहतवाल्यांस जी जमीन मिळाली ती मोकळी नव्हती. तेथें पिढ्यान्पिढ्या राहणारे मूळ रहिवासी होते, आणि त्यांना हुसकून ती मोकळी केली गेली. कल्याणकडे असा हल्ला कोणीं कोणावर केला नाहीं. निर्वासितांच्या हातीं तर मुळींच कांहीं नव्हतें. तरी हेंहि खरें कीं लष्करानें येथें आणि आसपास जमिनी घेतल्या त्या कोणा शेतकऱ्यांच्या होत्या. जवळच नेवाळी येथें युद्धकाळांत विमानांच्या धावपट्टीसाठीं घेतलेल्या जमिनीवरून सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, २०१७ सालीं, शेतकऱ्यांचें आंदोलन पेटलें. एकाला छप्पर मिळतें तेव्हां तें कोणाच्या शेतावर उभें आहे, हा प्रश्न विचारला गेला नाहीं तर तो मिटत नाहीं. तो नातवंडांकडे जातो.

दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. जेथें तात्पुरतें म्हणून राहावयाचें असतें तेथें माणूस गरजेपुरतें वाढवीत जातो. पडद्याची तट्टी झाली, तट्टीची वीट झाली, विटेवर मजला चढला. सुमारें तेरा चौरस किलोमीटरांच्या या शहरांत २०११ च्या शिरगणतींत पांच लाखांहून अधिक माणसें होतीं. एवढ्यांना जागा व्हावी म्हणून परवानगी आणि आराखडा यांची वाट न पाहतां पुष्कळ बांधकाम झालें, आणि त्यांत घाईनें व हलक्या सामानानें बांधून विकणाऱ्यांनींहि हात धुऊन घेतले. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें, आणि २००६ सालीं केवळ या एका शहरांतील अनधिकृत बांधकामें नियमित करण्यासाठीं राज्यास वेगळा कायदा करावा लागला. पण कागद नियमित झाला म्हणून काँक्रीट बळकट होत नाहीं. २०२१ च्या मे महिन्यांत पंधरवड्याच्या अंतरानें दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसें मृत्युमुखी पडलीं. ज्यांच्या आजा-पणजांनीं चादरीखालीं रात्री काढल्या, त्यांतल्या कित्येकांना आज स्वतःच्या छपराखालीं निर्धास्त झोप नाहीं.

हें सारें जुन्या काळचें म्हणून सोडून देतां येत नाहीं. मुंबईंत मोडक्या चाळींतून हलविलेलीं कुटुंबें संक्रमण शिबिरांत वर्षानुवर्षें राहतात. धरणासाठीं उठविलेल्या गांवांना नव्या गांवठाणांत पाण्याच्या नळाची वाट पाहावी लागते. अशा वेळीं कल्याण कँपाच्या अनुभवांतून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, प्रत्येक कुटुंबास लहान का होईना, दार असलेली जागा आणि जवळ पाणी-संडास आधीं द्यावा. दुसरी, शिध्याबरोबरच कमाईची वाट खुली ठेवावी. रेल्वे जवळ नसती तर ही वस्ती कदाचित् दयेवरच राहिली असती. तिसरी, जागेचा हक्क आणि बांधण्याचा नियम हे दोन्ही लवकर, आणि बरोबरच, हातीं पडावेत. हक्क उशिरां आला तर माणूस टिकाऊ बांधीत नाहीं, आणि नियम उशिरां आला तर बांधलेलें टिकत नाहीं.

लष्करानें बराकी बांधल्या, सरकारनें शिधा दिला, राजाजींनीं कोनशिला बसविली. त्या नोंदी इतिहासांत राहतील. ज्या बाईनें आगबोटींतून उतरून दुसऱ्याच दिवशीं दोन खांबांना दोरी बांधली आणि तीवर आपली साडी टाकली, तिची नोंद कोठें नाहीं; पण त्या शहरांतील पहिली भिंत तिनें घातली.